नव्वद सीसी, एकशे वीस सीसी आणि अठ्ठावीस फुटांचा ऐन

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं ते एकच प्रश्न तोंडात घेऊन: "किती सीसीचं आहे?"

म्हसळ्याच्या बाजारात पंचवीस वर्षं मी चेनसॉ विकतो, दुरुस्त करतो आणि वेळ पडली तर स्वतः जाऊन लाकूड कापून देतो. चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी हातातली करवत. पुढे लांब पोलादी पट्टी, तिच्याभोवती फिरणारी दातांची साखळी, मागे इंजिन. आमच्याकडे तिला कुणी कटर म्हणतं, कुणी नुसतं मशीन. पडलेल्या माडाचे तुकडे करायला पन्नास सीसीचं मशीन पुरतं. आंब्या-फणसाच्या खोडाला सत्तर लागतं. त्यापुढची नव्वद आणि एकशे वीस ही खरी मोठी मशीनं. ती आमच्या भागात मोजक्याच लोकांकडे आहेत, आणि ज्यांच्याकडे आहेत ते पैलवानांसारखे एकमेकांना ओळखून असतात. भेटले की आधी एकमेकांच्या मशीनकडे बघतात, मग तोंडाकडे.

सीसी म्हणजे काय ते सांगतो, कारण विचारणारे सगळे असतात आणि माहीत असणारे थोडे. इंजिनात एक नळकांडं असतं, त्यात दट्ट्या वरखाली होतो. एका धावेत तो जेवढी जागा झाडून काढतो, तेवढे त्या मशीनचे सीसी. म्हणजे ते मशीनचं पोट झालं. ताकद निराळी. दोन माणसांचं पोट सारखं असतं, दोघंही जेवायला बसले की चार-चार भाकऱ्या खातात. पण एक जण जेवून माडावर सरसर चढतो आणि दुसरा ओटीवर आडवा होतो. मशीनचंही तसंच. पोटात गेलेलं पेट्रोल किती नीट जळतं, दट्ट्या मिनिटाला किती वेळा धावतो, लाकडात दाबल्यावर तो वेग किती टिकतो, यावर ताकद ठरते.

आणि पोट तरी खरं असावं लागतं. दिवेआगरला नारळ-सुपारीची वाडी असलेले एक नाना होते, गणिताचे निवृत्त मास्तर. वादळात त्यांची वाडी आडवी झाली तेव्हा त्यांनी मोबाइलवरून एक मशीन मागवलं. त्याच्यावर ठसठशीत स्टिकर: बासष्ट सीसी. चौथ्या दिवशी ते घेऊन नाना माझ्याकडे हजर.

"दत्ताराम, याच्यात जीव नाही रे."

मी त्यांच्यासमोरच नळकांडं उघडलं आणि माप घेतलं. व्यास पंचेचाळीस मिलिमीटर, दट्ट्याची धाव चौतीस. गुणाकार नानांनीच केला, माझ्या वहीच्या पाठीमागे. एकदा केला, मग ताळा करून बघितला, आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"चोपन्न! अरे, उरलेले आठ कुठे गेले?"

"नाना, ते स्टिकरवर आहेत."

नाना आधी लाल झाले आणि मग खुर्चीचा हात धरून हसत सुटले. त्यांच्या मशीनच्या साखळीला मी नीट धार लावून दिली, तर त्या चोपन्नानं त्यांची सगळी वाडी साफ केली. बोथट दातांचं एकशे वीस आणि धारदार दातांचं पन्नास यांत मी डोळे मिटून पन्नास उचलीन.

पण हे शहाणपण मी बोलतो ते लाकूड आडवं कापण्याबद्दल. एकदा असं लाकूड समोर आलं की नुसत्या धारेनं भागेना. त्या दोन दिवसांची गोष्ट मला सांगायची आहे. आजही ती आठवली की माझे हात आपोआप मशीन धरल्यासारखे होतात.

वादळानंतरचा पुढचा मार्च होता. मी शटर वर करतोय तोवर हसनचाचा समोर उभे. दिघीचे, साठी ओलांडलेले, आयुष्य मासेमारीत गेलेलं. त्यांची होडी वादळात धक्क्यावर आपटून फुटली होती. नवी बांधायला घेतली होती, पण काम एका लाकडावर अडलं होतं. होडीच्या तळाशी पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एक जाड, लांब लाकूड जातं. बाकीची होडी त्याच्यावर उभी राहते. होडीचा कणाच तो. चाचांना तो अठ्ठावीस फूट आणि एकसंध हवा होता.

"सॉमिलवाले म्हणतात, त्यांच्याकडे अठरा फुटांच्या वर लाकूड चिरता येत नाय. दोन तुकडे जोडून घ्या म्हणतात," चाचा म्हणाले. "पण दत्ता, जोडाचं मी एकदा भोगलंय."

ती हकिगत मला ठाऊक होती. त्यांच्या आधीच्या एका होडीचा कणा जोडाचा होता. भर समुद्रात तो जोड उकलला. चाचा, त्यांचा धाकटा भाऊ युसुफ आणि दोन खलाशी सकाळपासून दुपार टळेपर्यंत डब्यांनी पाणी उपसत कसेबसे खाडीत शिरले. चौघंही वाचले. युसुफ मात्र त्यानंतर होडीत चढला नाही. तो पनवेलला रिक्षा चालवायला गेला तो तिकडचाच झाला.

"लाकूड मिळालंय," चाचांनी माझा हात धरला. "ऐन हाय. काठीसारखा सरळ. पण उद्या त्याचं जळण होणार हाय. तू चल."

मी नव्वद सीसीचं मशीन, दोन साखळ्या, कानशी, पेट्रोलचा कॅन आणि माझी लोखंडी चौकट गाडीत टाकली. ही चौकट मी गावातल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतली होती. ती मशीनच्या पट्टीला आवळून बसवायची आणि लाकडावर सपाट सरकवत न्यायची. मग पट्टी लाकडात आडवी शिरून सरळ फळी काढत जाते. तोवर मी तिच्यावर आंब्याच्या आठ-नऊ फुटी फळ्या काढल्या होत्या. अठ्ठावीस फूट कधी नाही, आणि ऐन तर कधीच नाही.

खाडीच्या वरच्या डोंगरउतारावर, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दगडांवर तो पडला होता. मगरीच्या पाठीसारखी चिरा पडलेली साल, बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत एकही गाठ नाही, सगळीकडे अडीच फुटांच्या आसपास जाडी. मी त्याच्या टोकाशी उभा राहून एक डोळा मिटून पाहिलं. तोवरच्या आयुष्यात असं खोड मी पाहिलं नव्हतं. क्रेन तिथे येणं शक्य नव्हतं. जे करायचं ते जागेवरच.

त्या उतारावरची वादळात पडलेली सगळी झाडं शेलार नावाच्या कंत्राटदारानं घेतली होती. परवानगीचा कागद त्याच्या खिशात होता. त्याचा कटरवाला गणपत, पालीकडचा, सहा फुटी गडी, दगडावर बसून चहा पीत होता. शेजारी त्याचं स्वतःचं मशीन: एकशे वीस सीसी, चार फुटांची पट्टी.

"शेठ, एवढं एक खोड मला द्या," चाचा म्हणाले. "फक्त कणा. बाकी सगळं तुमचं."

शेलार माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "चाचा, बेकरीवाल्यांना चार फुटी तुकडे द्यायचा शब्द गेलाय माझा. टेम्पो उद्या संध्याकाळी पाचला येणार. तोवर तुमचा कणा अखंड निघाला तर न्या. नाही निघाला, तर जसा असेल तसा गणपत त्याचे तुकडे पाडेल. कबूल?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

गणपतनं माझ्या मशीनकडे पाहिलं. "नव्वदनं ऐन उभा चिरणार? दत्ताभाऊ, उद्या सांजच्यापर्यंत भुसा निघंल. कणा न्हाय निघायचा."

"भुशातूनच निघतो कणा," मी म्हणालो.

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लाकूड आडवं कापताना मशीनला एक फूट-दोन फूट जीव खर्चायचा असतो. मिनिटभरात काम होतं, मग मशीन श्वास घेतं. उभं चिरताना ते तासन् तास पूर्ण जोरात लाकडात रुतलेलं असतं आणि दात लाकडाच्या रेषांच्या तोंडावर धडकत जातात. शिवाय ऐन म्हणजे लोखंडच. दोन-तीन फुटांत दात बोथट होतात. असे अठ्ठावीस फुटांचे चार काप घ्यायचे होते, चारी बाजूंनी एकेक. प्रत्येक कापानंतर ते चार टनांचं धूड पहारी आणि जॅक लावून पाव फेरा वळवायचं. चाचांनी फोन केले आणि तासाभरात त्यांचे आठ-नऊ खलाशी दिघीहून आले.

खोडावर आम्ही एक लांब शिडी खिळ्यांनी ठोकून बसवली, म्हणजे पहिला काप सरळ जाईल. दुपारी एकला मी दोरी ओढली.

पहिल्या फुटातच कळलं की हे आंबा-फणसाचं काम नव्हे. आवाज खाली बसायचा, मी हात सैल केला की पुन्हा चढायचा. लालसर भुसा पिठासारखा उडत होता. दर तीन फुटांना थांबायचं, साखळीच्या दातांना कानस मारायची, पेट्रोल भरायचं, मागे उघडलेल्या चिरेत लाकडाच्या पाचरी ठोकायच्या, नाहीतर वरचं वजन पट्टीवर बसून ती अडकते. गणपत दिवसभर आजूबाजूची झाडं तोडत होता, पण दर थोड्या वेळानं येऊन बघून जात होता. पाच वाजता पट्टी दुसऱ्या टोकातून बाहेर पडली. खलाशांनी वरची जाड फळी पहारींनी ढकलली आणि ती धाडकन खाली गेली. खाली उघडं पडलेलं लाकूड बघायला सगळे वाकले. तपकिरी, मधूनच काळसर रेषा, ओलसर चकाकी. चाचांनी त्याच्यावर तळवा फिरवला.

"माशाल्ला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही जागेवर. दुसरा काप साडेदहाला पुरा झाला. वेळेत होतो! खोड वळवलं, तिसरा सुरू केला. आणि इथे मी माती खाल्ली.

गणपत त्या वेळी मोकळा होता. तो मोबाइलवर वेळ लावून बसला होता. "पाच मिनिटांत एक फूट," तो मोठ्यानं म्हणाला. "दत्ताभाऊ, गोगलगाय बरी." खलाशी हसले. मला झोंबलं. मशीनच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, त्यानं पेट्रोल आणि हवेचं प्रमाण ठरतं. तो थोडा आवळला की पेट्रोल कमी जातं, मशीन कर्कश ओरडतं, वेगानं फिरतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की आता ताकद आली. पण पेट्रोलमध्येच तेल मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे तेल कमी, आणि दट्ट्या कोरडा पडून तापत जातो. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावतो की त्या स्क्रूला हात लावू नका. त्या दिवशी मी स्वतः पाव फेरा आवळला.

मशीन किंचाळू लागलं. वेग वाढला. गणपतनं मोबाइल खिशात ठेवला. पंधरा फूट, सतरा, एकोणीस. आणि मग आवाज एकदम चिरका झाला, घशात काही अडकल्यासारखा, आणि बंद. मी दोरी ओढली. दोरी जागची हलेना. आत दट्ट्या नळकांड्याला चिकटला होता.

दुपारचा एक वाजला होता. नऊ फूट बाकी, त्यानंतर चौथा अख्खा काप. कानात शांततेचा नुसता सुंई आवाज. चाचा खाली दगडावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चाचा, चूक माझी आहे," मी म्हणालो. "मशीनची नाही. मी स्क्रू आवळला."

गणपत उठून आला. थंड पडलेल्या चिरेत त्यानं बोट घातलं, वाकून आत पाहिलं. "किती फूट झालं?"

"एकोणीस."

तो वळला, गेला आणि आपलं एकशे वीस उचलून घेऊन आला.

"तुमची चौकट ह्याला बसंल का?"

"गणपत, शेलारशेठ काय म्हणतील?"

"शेठ पाचला येणार. पाचपावत मशीन माझं हाय आन् मी पन."

त्यानं माझी नजर चुकवली आणि म्हणाला, "मी गोगलगाय म्हनलो म्हनून तुम्ही स्क्रू आवळला. मला आवाजावरनं कळलं व्हतं. सांगायला हवं व्हतं."

मग काय धावपळ उडाली! चौकट बसली, पण त्याची साखळी आडव्या कापाची होती. तिचे दात तिरप्या धारेचे. उभं चिरायला धार जवळजवळ सरळ लागते. साठ-पासष्ट दात! एका बाजूचे मी घासायला घेतले, दुसऱ्या बाजूचे त्यानं. तो माझं बघून शिकत होता, आणि शिकताना एक दात त्यानं माझ्यापेक्षा चांगला काढला. घासता घासता तोंडं सुरूच.

"तुमच्या मशीनला किती घोडे, दत्ताभाऊ?"

"कागदावर सात. तुझ्याला साडेआठ."

"बस? दीडच घोडा जास्त?"

"बघ ना. तुझ्या मशीनचं पोट माझ्यापेक्षा एक तृतीयांश मोठं, आणि ताकद एक पंचमांशच जास्त. एकेका सीसीचा हिशेब मांडला तर माझंच वरचढ आहे."

"आन् आत्ता बंद कोन पडलंय?"

चाचासुद्धा हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

अडीचला गणपतनं दोरी ओढली. इतकं लांब मशीन एकट्यानं सरकवता येत नाही. इंजिनाकडे तो, पट्टीच्या टोकाशी मी. दुसऱ्याच्या मशीनचं शेपूट मी आयुष्यात पहिल्यांदा धरत होतो. माझं अडकलेलं मशीन जिथे थांबलं होतं तिथे पट्टी घातली आणि चौकट पुढे ढकलली.

काय सांगू! नव्वदचा आवाज उंच, पळणारा. लाकूड लागलं की दम खाणारा. याचा आवाज खालच्या पट्टीतला, छातीत घुमणारा. लाकूड लागलं, आवाज जरासा जड झाला आणि तिथेच थांबला. त्याच्या खाली तो गेलाच नाही. मी हात सैल करायच्या तयारीत होतो, गरजच पडली नाही. साखळी माझ्या मशीनपेक्षा सावकाश फिरत होती, पण प्रत्येक दात पुरता घास घेत होता. भुसा पिठासारखा नव्हता, रव्यासारखा येत होता. कागदावरचा तो दीड घोडा मला तिथे माझ्या मनगटात कळला. मोठं इंजिन वेगासाठी नसतंच. कुणी दाबून धरलं तरी त्यानं मान टाकू नये, यासाठी मोठं इंजिन घ्यायचं. ही गोष्ट मी कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होतो, पण स्वतःला ती त्या दिवशी समजली.

नऊ फूट पंचवीस मिनिटांत गेले! खलाशांनी आरोळी ठोकली. खोड वळवलं, धार लावली, पेट्रोल भरलं. पावणेचारला चौथा काप सुरू. आता गणपतही घामानं निथळत होता. दहा-अकरा किलोचं ते धूड, वर चौकट, आणि हातांत सतत मुंग्या. सात फुटांवर धार. चौदावर धार आणि पेट्रोल. खलाशी न सांगता पाचरी ठोकत होते. चाचा चिरेच्या बरोबरीनं चालत होते, एक हात लाकडावर ठेवून, आजाऱ्याच्या खाटेशेजारून चालावं तसे.

एकवीस फुटांवर असताना खालच्या वाटेवर टेम्पो दिसला. पाचला पाच कमी. पंचविसावर आलो तेव्हा शेलार वहाळ ओलांडून वर येत होता. त्यानं घड्याळ बघितलं, हात वर केला आणि ओरडला. ऐकू काहीच आलं नाही, तोंड हलताना दिसलं. तो गणपतच्या बाजूनं आला, पुन्हा ओरडला. गणपतच्या कानांवर आवाज अडवणारी मोठी झाकणं होती. त्यानं डोळे चिरेवरून वर उचललेच नाहीत. शेलार मग माझ्याकडे आला. मला तो स्पष्ट दिसत होता. माझ्या कानांवरही झाकणं होती. मी पट्टीच्या टोकाकडे बघत राहिलो, जणू जगात दुसरं काही नाहीच.

सव्वीस. शेलारनं दोन्ही हात हवेत नाचवले. सत्तावीस. मशीनच्या आवाजात कणभर फरक नाही. आणि पट्टी मोकळी झाली. शेवटची फळी सुटून बाजूला कलंडली, मधे उरला चौकोनी, सरळसोट, अठ्ठावीस फुटांचा कणा.

गणपतनं मशीन बंद केलं.

"कधीचा ओरडतोय मी! पाच वाजून गेले!" शेलार म्हणाला.

गणपतनं कानांवरची झाकणं काढली. "काय शेठ? मशीन मोठं हाय. ऐकू येत न्हाय."

कुणी हसलं नाही, हसायची हिंमतच नव्हती. शेलार त्या लाकडाच्या टोकाशी गेला, खाली वाकला, एक डोळा मिटून त्यानं सगळी लांबी बघितली. मग दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, हात लावत. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"याचे तुकडे पाडणार होतो मी," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग आपल्या माणसांकडे वळून ओरडला, "जळण नंतर भरू. आधी याला हात लावा सगळे!"

वीस-बावीस माणसांनी ओंडक्यांवरून घरंगळवत, दोर लावून तो कणा खाडीच्या काठी आणला. ओला ऐन पाण्यात तरंगत नाही, सरळ बुडतो. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या भरतीला त्याला दोन्ही बाजूंनी रिकामी पिंपं बांधली आणि चाचांच्या भाच्यानं आपल्या होडीमागे ओढत तो दिघीला नेला. मी आणि गणपत काठावरून बघत होतो. आम्हा दोघांच्याही बोटांना संवेदना नव्हती. मला तर पुढे दोन आठवडे शर्टाची बटणं नीट लावता येत नव्हती. या धंद्याचं ते देणं आहे. गेली काही वर्षं थंडीत माझी दोन बोटं पांढरी पडतात आणि उजव्या कानानं कमी ऐकू येतं. तरुण कटरवाले हातमोजे आणि कानांची झाकणं घालत नाहीत तेव्हा मी त्यांना हीच बोटं दाखवतो.

नव्वदचं नळकांडं नंतर मी दुकानात उघडलं. आत उभे ओरखडे, नखानं खरवडल्यासारखे. नवा दट्ट्या, नवं नळकांडं घालून ते मशीन आजही चालतं. गणपतनं पुढे चौकट बनवून घेतली. आता पालीपासून इकडे कुणाला लांब लाकूड चिरायचं असलं की मी त्याचा नंबर देतो.

त्या साली नारळी पौर्णिमेच्या आधी चाचांनी आम्हा दोघांना दिघीला बोलावलं. होडी जवळजवळ तयार होती, पाण्यात उतरायच्या बेतात. आतल्या तळाच्या फळ्या तेवढ्या बसायच्या होत्या. चाचांनी आम्हाला शिडीनं आत उतरवलं आणि बॅटरी मारून कण्याची वरची बाजू दाखवली. एकोणीस फुटांवर तिथे एक बारीकशी पायरी होती, नखभर उंचीची. अलीकडे माझ्या मशीनच्या बारीक रेषा, पलीकडे गणपतच्या मशीनच्या रुंद.

"सुतार रंदा मारणार होता," चाचा म्हणाले. "मी म्हटलं, एवढी जागा राहू दे. हिच्यावर आता फळी येणार. कुणाला दिसायची नाय. मला ठाऊक असेल."

गणपत वाकला, त्या पायरीवर त्यानं अंगठा फिरवला, आधी माझ्या बाजूला, मग त्याच्या.

"दत्ताभाऊ, रागावू नका," तो म्हणाला, "पन माझी बाजू जास्त सरळ हाय."

मी हसून विषय बदलला. पण तो म्हणाला ते खरं होतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून आज इथे छापून देतोय.